हमीदभाऊंची निळीची गल्ली

माझ्या पांढऱ्या चादरीवर निळे ठिपके दिसले, त्या सकाळी मी तावातावानं जिना उतरले. दिग्रसच्या शाळेत माझी नुकतीच बदली झाली होती. भर बाजारात खोल्या मिळाल्या होत्या, घरमालक कोणाच्या अध्यात ना मध्यात असं ऐकलं होतं, म्हणून मी खुशीत होते. खाली मालकांचं खता-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, वर माझ्या दोन खोल्या आणि बाजूच्या गल्लीतून वर यायला लोखंडी जिना. चादर मी त्या जिन्याच्या कठड्यावर वाळत घातली होती.

गल्लीत पाहते तर दोन्ही बाजूंना रंगाच्या जुन्या डब्यांत वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या केलेल्या. कपाशी वेचून झाली की जी झाडं शेतात उरतात ना, तीच. त्या पऱ्हाट्यांच्या मधून एक धिप्पाड शेतकरी पाठीवर पंप बांधून चालला होता. अंगात त्याच्या मापाचा नसलेला पांढरा सदरा. तो डावीउजवीकडे फवारत होता आणि पंपातून निळं पाणी उडत होतं. त्याच्या मागं, बेतानं अंतर राखून, मेंदीनं लाल केलेली दाढी, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता आणि हातात चहाची बशी अशी एक मूर्ती चालली होती.

"वाऱ्याकडं तोंड करून काहून फवारून राह्यला बाप्पा?" ती मूर्ती त्याला विचारत होती. "वारा तुह्या सासऱ्याचा हाय का?"

हे हमीदभाऊ, माझे घरमालक. मी चादर त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, हे काय आहे? त्यांनी बशी खिडकीत ठेवली, चादर हातात घेतली, उजेडात धरून ठिपके नीट पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. माफी वगैरे राहिली बाजूला, चादर घेऊन ते थेट त्या शेतकऱ्याकडे गेले. "पाह्य. जिन्यावर, इतक्या उंच आलं. आन् तू म्हणतं, माह्या अंगावर थेंब येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, लय उपकार झाले. उद्यापण टाकाल का हो वाळत?"

मी भांडायला गेले होते ते राहूनच गेलं. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, ती चादर धुऊन, घडी घालून, वर शेवयांच्या खिरीचा डबा ठेवून पाठवली. चादरीवर एक डाग नव्हता.

दुकानाची रीत अशी होती. फवारणीचं काही मागायला कोणी आलं की हमीदभाऊ बाटलीला हात लावत नसत. आधी खुंटीवरचा पांढरा सदरा घालायचा. मग पंप पाठीवर घ्यायचा. पंपात साधं पाणी आणि कपड्यांना घालतो ती नीळ. तो घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारत जायचं, पऱ्हाट्या अंगाला घासत, जसं शेतात जातो तसं. गल्लीच्या शेवटी भिंतीला एक भलामोठा आरसा टेकवलेला होता. त्याच्यासमोर उभं राहायचं. मग हमीदभाऊ मागून म्हणायचे, "आता अंगावर पाहा."

एवढंच म्हणायचे. पुढचं बोलणं आरसा करत असे. मानेवर निळं, काखेत निळं, पंपाचं झाकण ढिलं असेल तर पाठ पार कंबरेपर्यंत निळी. जिथं नीळ तिथं उद्या जहर, हे कोणाला वेगळं समजावून सांगावं लागत नसे. त्यानंतर हातमोजे, तोंडाचा फडका, टोपी, पंपाचं झाकण कसं आवळायचं, सगळं. आणि ज्याचं अंग फारच निळं झालं त्याला परत पहिल्यापासून.

तो आरसा भाभींच्या लग्नातल्या कपाटाचा होता. कपाटाचं दार काढून तो गल्लीत आणला, त्या दिवशी भाभी माहेरी गेल्या होत्या. आल्या तेव्हा कपाटाला दार नाही. त्यावरून त्या घरात जे महाभारत झालं त्याची गोष्ट भाभी मला वर्षातून दोनदा तरी सांगायच्या आणि दर वेळी नव्यानं चिडायच्या. सदरेही त्याच धुवायच्या. "दुनियेच्या बाया नीळ टाकून कपडे पांढरे करतेत," त्या म्हणायच्या, "आन् हा माणूस पांढरे कपडे निळे करून आणते. मी कोणासमोर रडू?" पण सदरे रोज धुतलेले असत आणि निळीची पुडी दुकानात कधी संपली नाही.

दुसरी रीत शब्दाची. आपल्याकडे सगळेच फवारणीच्या जहराला औषध म्हणतात. मी शेतकऱ्याची मुलगी, बोरी अरबची, माझ्याही तोंडात तेच. हमीदभाऊ गिऱ्हाइकाला औषध म्हणू देत नसत. कोणी म्हणालं, "भाऊ, बोंडअळीचं औषध द्या," तर ते शांतपणे रस्त्यापलीकडे बोट दाखवायचे. "औषधाचं दुकान तिकडं हाय, मेडिकल. खोकला असन तर घेऊन ये. माह्यापाशी जहर मिळते." मग गिऱ्हाईक हसत, लाजत, इकडंतिकडं पाहत म्हणायचं, "बरं भाऊ, जहर द्या." चांगली पागोटेवाली पोक्त माणसं भर दुकानात "अर्धा लिटर जहर द्या" म्हणताना मी ऐकली आहेत. मजा वाटायची मला, आणि अंगावर काटाही यायचा.

आता असं वागणारा माणूस म्हणजे कोणी साधुसंत असेल असं वाटतं ना? छे हो. हमीदभाऊंना पैसा आवडायचा, बिर्याणी आवडायची, अत्तर आवडायचं, आणि सगळ्यांत जास्त आवडायचा स्वतःचा फोटो. गल्ल्याच्या मागं त्यांचा एक मोठा फ्रेम केलेला फोटो होता. जास्त माल विकला म्हणून कंपनीनं एकदा सगळ्या दुकानदारांना परदेशात फिरायला नेलं होतं. तिथं हत्तीच्या सोंडेला हात लावून हमीदभाऊ उभे, शेरवानी घालून. एवढ्या उन्हात शेरवानी! मी एकदा म्हटलं, "भाऊ, ज्या जहरावर इतकं बोलता, त्याच्याच पैशानं गेलात ना?"

"त्याच्याच," ते म्हणाले. "पाप करूनच गेलतो. पण फोटो तं पाहा ना मॅडम, कसा आला."



माझा भाऊ दिनकर एकदा आला, त्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिनकर म्हणजे आमच्या घरचा पाटील. बहिणीचा घरमालक आहे, भाव कमी लावेल, म्हणून बोरी अरबहून मुद्दाम दिग्रसला आला. हमीदभाऊंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, माझी भरपूर स्तुती केली आणि सदरा पुढं केला.

दिनकर म्हणाला, "भाऊ, मी फवारणी सुरू केली तवा मले मिसरूड नव्हतं. मले कायले शिकवता?"

"शिकवत नाही जी. फिरून या फक्त. मॅडमचे भाऊ तुम्ही, तुमच्यासाठी आज नवी नीळ."

दिनकर रुबाबात निघाला. खरंच सुरेख फवारलं त्यानं, वाऱ्याची दिशा पाहून, हात स्थिर ठेवून. आरशासमोर आला तेव्हा सदऱ्यावर इकडंतिकडं जरासे थेंब, बस. मी जिन्यावरून पाहत होते आणि माझी मान ताठ झाली. दिनकरनं हमीदभाऊंकडे पाहिलं, झालं का समाधान, अशा नजरेनं, आणि खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली. सुपारी-तंबाखू पन्नीतच घोटली, चिमूट उचलली आणि टाकली तोंडात, जशी तो शेतात दर दोन तासांनी टाकतो तशी.

हमीदभाऊंनी फक्त आरशाकडे हात केला. दिनकर हसला तर दात निळे, ओठ निळे, जीभ निळी. दुकानात जे हसू फुटलं ते थांबेचना. भाभी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दिनकर मात्र हसला नाही. तो आरशात स्वतःची जीभ पाहत उभा राहिला. त्याला काय आठवत होतं ते मला कळलं, कारण दर हंगामात फवारणीच्या दिवसांत त्याला मळमळायचं आणि आमची आई म्हणायची, उन्हानं होते. त्यानं पन्नी तिथंच टाकली. खर्रा त्यानं सोडला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण फवारताना तो त्यानंतर घरी ठेवून जायला लागला, हे वहिनी शपथेवर सांगते.

आता पाटीबद्दल. दुकानावरच्या पाटीवर 'कृषी केंद्र' एवढंच लिहिलेलं होतं आणि त्याच्या आधीची जागा कोरी होती. मला वाटायचं, रंग उडाला असेल. एकदा भाभींशी डाळ निवडत बसले असताना मी सहज म्हटलं, पेंटर बोलवून पाटी पुरी करून घ्या ना. भाभींचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

पाटीवर आधी 'सायमा कृषी केंद्र' होतं. सायमा ही त्या दोघांची एकुलती एक लेक. ती जन्मली त्याच साली दुकान सुरू झालं, म्हणून तिचं नाव. पिशव्यांवर तेच, बिलावर तेच. पोरगी हुशार निघाली, नर्सिंग शिकली आणि यवतमाळला दवाखान्यात नोकरीला लागली. हमीदभाऊ तेव्हा चारचौघांसारखेच दुकानदार होते. गिऱ्हाईक आलं, बाटली दिली, खुदा हाफिज. एका हंगामात सायमाच्या वॉर्डात फुलसावंगीकडचा एक माणूस आला, फवारता फवारता शेतात पडलेला. त्याच्या बायकोच्या हातात कपड्यांची पिशवी होती. पिशवीवर छापलेलं होतं, सायमा कृषी केंद्र.

माणूस वाचला. सायमानंच त्याला रात्रंदिवस पाहिलं. हमीदभाऊ त्याला भेटायला गेले, तेव्हा लेकीनं त्यांना व्हरांड्यात गाठलं. ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "अब्बा, पाटीवरून माझं नाव काढा." घरी आल्यावर त्यांनी स्वतः शिडी लावली आणि नाव पुसलं. त्यानंतर सायमा ईदला यायची, आईच्या हातचं खायची, बापाची तब्येत विचारायची, पण दुकानात पाऊल टाकत नव्हती. मागच्या दारानं घरात यायची आणि मागच्याच दारानं जायची.

"त्याच्यानंतर नीळ सुरू झाली," भाभी म्हणाल्या. "त्याईले वाटते, पोरगी एक दिवस म्हणन, अब्बा, नाव टाका. ते बोलत नाहीत. पण कोणी पेंटर रस्त्यानं चालला ना, की त्याईचं लक्ष पाटीकडं जाते."

मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण रागही आला. मनातलं पोटात ठेवणं मला जमत नाही. त्याच दिवशी हमीदभाऊ गल्लीत पऱ्हाट्या बदलत होते, तिथं मी जिन्यावर बसले आणि विचारलं, "भाऊ, एवढं आहे तर दुकानच का बंद करत नाही? नीळ वगैरे ठीक आहे, पण विकता तर तुम्हीच ना?"

"मीच विकतो," ते म्हणाले. "बंद केलं तर समोरचा कृषी केंद्रवाला विकन. जहर तेवढंच जाईन, फक्त निळीशिवाय."

"हे सोयीचं बोलणं झालं."

"सोयीचंच हाय," त्यांनी लगेच कबूल केलं. "खरं सांगू का मॅडम, मले दुसरं काही येतही नाही. आन् दुकानावर बसाले मले लय आवडते. लोक येतेत, बोलतेत. घरी बसलो तर तुमची भाभी मले आठ दिवसांत विकून टाकन." मग त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. "हे सुती हाय ना? याच्या कापसावर कोणी फवारलंच असन. मी तुमच्यावर ढकलत नाही हो. फक्त म्हणतो, कोरं कोणीच नाही."

"तुमचा कुर्ता मात्र कोरा आहे," मी म्हटलं. "सगळ्या तालुक्याला पंप बांधून फिरवलं. तुम्ही कधी फिरलात का?"

ते चपापले. "मी काय फवाराले जातो मॅडम?" असं म्हणून पऱ्हाटी डब्यात खोचू लागले. बोलणं तिथंच संपलं. पण त्या दिवसापासून मी समोर आले की ते कुर्त्याची बाही उगीच झटकायचे.

एवढ्यात कंपनीचा साहेब आला. ज्या कंपनीच्या मालावर अर्धं दुकान चालायचं, तिचा. हा साहेब पूर्वी निळीवर चिडायचा. गिऱ्हाइकाला घाबरवून सोडता, विक्री पडते म्हणायचा. आता मात्र गोड बोलत आला. वरच्या लोकांना ही निळीची कल्पना आवडली होती. त्यांना हमीदभाऊंची फिल्म काढायची होती. शिवाय मोठाले बॅनर लागणार, गावोगाव, यवतमाळच्या स्टँडसमोरसुद्धा. त्यावर हमीदभाऊंचा फोटो, पाठीमागं गल्ली.

हमीदभाऊंचा पाय जमिनीवर ठरेना. मेंदी नवी, कुर्ता नवा, अत्तर नवं. येईल त्याला सांगायचे, स्टँडसमोर लागणार आहे. मला कळत होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर स्टँड नव्हता. स्टँडवरून चालत दवाखान्यात जाणारी सायमा होती. ती वर पाहील, बापाला निळीच्या गल्लीत उभं पाहील, आणि कदाचित नाव परत टाकू देईल. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, ते लोक तुमच्या निळीवर स्वतःचा माल विकतील." ते म्हणाले, "नीळ तं नीळ हाय मॅडम. कोणाच्या बी बॅनरवर असो." मी फिल्मच्या दिवसापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. बोलले नाही म्हणजे मुद्दाम पाय आपटत जिना चढायचे, एवढा तरी राग दाखवलाच.

फिल्मच्या दिवशी बाजारचा दिवस होता. अर्धं दिग्रस गल्लीच्या तोंडाशी. आमचा दिनकरही आला होता, नवा शर्ट घालून, न जाणो कॅमेऱ्यात आपणही यायचो म्हणून. कॅमेरा लागला, दिव्यांच्या छत्र्या लागल्या. साहेबानं हमीदभाऊंना वाक्य पाठ करून दिलं होतं. "मी हमीदभाई. आमचं औषध, सुरक्षित औषध."

"मी हमीदभाई," हमीदभाऊ छान म्हणाले. "आमचं..." आणि अडकले.

परत घेतलं. परत अडकले. तिसऱ्यांदा त्यांनी मोठ्या हिमतीनं "औषध" म्हटलं, तर गर्दीतून दिनकरचा आवाज आला, "मेडिकल तिकडं हाय, भाऊ." सगळी गल्ली हसली. मागून आणखी कोणी म्हणालं, "आम्हाले तं म्हणू देत नाही, आन् स्वतः म्हणून राह्यले." ज्यांनी ज्यांनी कधी लाजत लाजत "जहर द्या" म्हटलं होतं, ते सगळे त्या दिवशी वसुली करून राहिले होते. हमीदभाऊंनी रुमालानं कपाळ पुसलं.

साहेब पक्का होता. म्हणाला, बोलणं राहू द्या, नंतर दुसऱ्याच्या आवाजात टाकू. तुम्ही फक्त पंप घेऊन चाला. तुमचाच हा पांढरा कुर्ता, वर आपले कंपनीचे हातमोजे आणि मास्क. शेवटी आरशासमोर उभे राहा, अंगावर एक डाग नाही. बस, तेवढं लोकांना दिसलं पाहिजे.

"डाग पडनच ना जी," हमीदभाऊ म्हणाले. "थोडा तरी पडतेच."

"नाही पडणार. पंपात साधं पाणी भरलंय."

हे साहेबानं हळूच सांगितलं, पण मी जिन्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर होते. मला ऐकू आलं. हमीदभाऊंनी वर माझ्याकडे पाहिलं. खरं तर मला वाटलं, हा माणूस आता चालणार. अर्धं दुकान त्या कंपनीचं, स्टँडसमोर बॅनर, लेक पाहणार. हमीदभाऊ कॅमेऱ्याकडे, आरशाकडे, मग दुकानाच्या दाराकडे पाहत राहिले. आणि मग त्यांनी आवाज दिला, "जुबेदा, नीळ आन."

भाभी जशा काही दाराआडच उभ्या होत्या. पुडी घेऊन आल्या आणि सगळीच्या सगळी पंपात ओतली. साहेब मध्ये पडायला गेला, पण कॅमेरावाल्या पोराला ते दिसलंच नाही, तो आपला कॅमेरा चालू करून बसला होता. हमीदभाऊंनी पंप पाठीवर घेतला आणि चालायला लागले.

जन्मात पहिल्यांदा. एवढ्या लोकांना त्यांनी झाकण आवळायला शिकवलं, पण स्वतः पंप उचलायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं भाभींनी झाकण नुसतं वर ठेवलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच पावलाला भसकन निळं पाणी मानेवर आलं, दुसऱ्याला पाठीवर. नोझल कुठं, वारा कुठं, काही मेळ नाही. गल्ली संपेपर्यंत नवा कुर्ता पार निळा, दाढी लाल आणि निळी, अत्तर-बित्तर सगळं वाहून गेलं. लोक हसता हसता खाली बसले. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते, का ते विचारू नका.

हमीदभाऊ आरशासमोर उभे राहिले. मागून दिनकर म्हणाला, "आता अंगावर पाहा, भाऊ." पण आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

हमीदभाऊ वळले आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलले. आता ते कुठं अडकले नाहीत. "हे जहर हाय. मी विकतो. याच्यावरच माही पोरगी शिकली, नर्स झाली, आन् आता माह्याच गिऱ्हाइकाले सलाईन लावते. म्हणजे जहर आन् सलाईन, दोन्ही धंदे माह्या घरात. फवारणाऱ्याच्या अंगावर उडते हे मी सगळ्याईले दाखवलं. विकणाऱ्याच्याही उडते, हे आज पाह्यलं. लागलंच पिकाले तर या, देईन. पण आधी निळीत फिरा. आन् कोणी सांगितलं ना, का एक डाग पडत नाही, तर समजा त्याच्या पंपात साधं पाणी हाय."

कंपनीची गाडी चहा न घेता गेली. बॅनर लागलं नाही. पुढच्या हंगामात कंपनीनं माल देणं बंद केलं आणि समोरच्या दुकानदाराला दिला. हमीदभाऊंच्या दुकानातल्या अर्ध्या फळ्या रिकाम्या झाल्या. तिथं त्यांनी हातमोजे, बियाणं, भाभींचे पापड असं जे सुचेल ते मांडलं. बिर्याणी महिन्यावर गेली. "जहर कमी झालं नाही मॅडम, ते समोरून जाऊन राह्यलं," ते मला म्हणाले. "फक्त मी बारीक झालो." दुसऱ्या कंपन्यांचं जे होतं ते हमीदभाऊ विकतच होते, सदरा घालून, गल्ली फिरवून. आणि गंमत म्हणजे समोरून बाटली घेतलेले लोकही निळीत फिरायला यांच्याकडे यायचे. हमीदभाऊ त्यांनाही फिरवायचे, वर चहा पाजायचे. भाभी कपाळाला हात लावायच्या.

कंपनीनं फिल्म दाखवली नाही, पण त्या दिवशी गल्लीत मोबाइल काय कमी होते? कोणाच्या तरी मोबाइलवरून ते चित्रण यवतमाळला गेलं. वॉर्डात कोणी सिस्टरनं सायमाला दाखवलं, म्हणे, हा निळा बाबा पाहा, किती मजेदार आहे. सायमानं पाहिलं आणि सांगितलं, हे माझे अब्बा आहेत.

ती आली तेव्हा ईद नव्हती. रविवारची सकाळ होती, आणि माझाही तो दिग्रसमधला शेवटचा दिवस होता, पुसदला बदली झाली होती. मी भांडी बांधत होते तोवर गल्लीत आवाज आला म्हणून बाहेर आले. सायमा स्टँडवरून थेट समोरच्या दारानं दुकानात शिरली होती. खुंटीवरचा सदरा तिनं स्वतःच काढला, ड्रेसवर चढवला, पंप उचलला, झाकण घट्ट आवळलं आणि गल्लीतून फवारत निघाली. हमीदभाऊ तिच्या मागं. त्यांच्या हातात बशी होती, पण चहा कधीचा सांडून गेला होता. आरशासमोर तिनं स्वतःला पाहिलं. खांद्यावर थोडी, बाहीवर थोडी.

"माह्याही अंगावर हाय, अब्बा," ती म्हणाली. ती त्यांच्याशी घरात हिंदीत बोलायची. त्या दिवशी दुकानाच्या भाषेत बोलली. "पेंटरले बोलवा. पण नुसतं नाव नाही टाकायचं. मी सांगीन तसं लिहायचं."

माझी बस दुपारची होती. हमीदभाऊ मला सोडायला स्टँडवर आले नाहीत, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. भाभींनी डबा दिला, डोळे पुसले, आणि "जा आता, मले पेंटरचा चहा कराचा हाय" म्हणून पळाल्या. बस बाजारातून वळली तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढली. शिडी अजून लागलेलीच होती. पाटी ओली चकचकत होती. सायमा कृषी केंद्र. खाली दुसरी ओळ, येथे जहर मिळते. आणि त्याखाली, आधी निळीत फिरून या.

पाटीखाली हमीदभाऊ फोटोसाठी उभे होते. समोर सायमा मोबाइल धरून. अंगात त्यांनी तोच फिल्मचा कुर्ता घातला होता. नीळ धुतल्यावर निघते, हे माझ्या चादरीपासून मला माहीत आहे, पण भाभी म्हणायच्या, तेवढ्या एका कुर्त्याला त्यांनी साबण लावू दिला नाही. सायमानं हातानं खूण केली, सरळ उभे राहा. हमीदभाऊ सरळ उभे राहिले, दाढीवरून हात फिरवला, आणि मग जरासे वळले, निळा खांदा कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून.